सावलीतल्या पट्टीत कवठी चाफा लावायचाय: माती आणि पाण्याबद्दल सल्ला हवा

तगर_पुणे
इमारतीच्या ईशान्येला साडेचार फूट रुंदीची पट्टी आहे. सकाळी अडीच तास कोवळं ऊन, मग दिवसभर सावली. तिथे मोगरा फुलत नाही. बारमाही हिरवं आणि सुवासिक झुडूप हवंय, म्हणून कवठी चाफा मनात आहे. माती काळी, पाणी बोअरचं. जमेल का? रोप घेताना काय पाहावं?

गुटीकलम
जागा उत्तम आहे. हे मूळचं दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडच्या जंगलातलं, मोठ्या झाडांखाली वाढणारं झुडूप. दुपारचं ऊन टळलं तर उलट बरंच. पण अगदी गडद सावलीत, म्हणजे आंब्याच्या दाट घेराखाली, पानं सुंदर आणि फुलं मोजकी अशी गत होते. तुमचे अडीच तास पुरेत.

रोप घेताना नावावर जाऊ नका. हिमचंपासुद्धा 'कवठी' म्हणून विकला जातो. तो मोठा वृक्ष होतो, साडेचार फुटांत मावायचा नाही. पान उलटून बघा. खालून तपकिरी मखमल दिसली तर तो हिमचंपा. तुम्हाला हवा तो मॅग्नोलिया कोको (जुन्या नोंदींत मॅग्नोलिया प्युमिला). त्याचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, शिरांची जाळी उठून दिसणारी. कळी अंड्यासारखी, खाली झुकलेली. बाहेरच्या तीन पाकळ्या हिरवट, आतल्या जाड आणि पांढऱ्या.

जांभा
सावलीची काळजी सोडा, चुन्याची करा. याला साधारण ५.५ ते ६.५ सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचं माप) लागतो. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या मातीत तो फारसे लाड न करता वाढतो. पुण्याच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी असते, आणि भिंतीलगत तर गिलावा, सिमेंटचा राडारोडा गाडलेला असतो.

आधी परीक्षा करा. वाळलेल्या चमचाभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर मोकळा चुना आहे. अशा मातीत गंधक टाकून सामू उतरवायला जाऊ नका, चुना ते सगळं गिळून टाकतो. 'लाल माती' म्हणून विकत आणलेल्या पोत्याचीही हीच परीक्षा करा, रंगावर विसंबू नका.

चुना निघाला तर जमिनीत खड्डा न घेता वर वाफा बांधा: भिंतीपासून दोन फूट सोडून, दीड फूट उंच. चिरा किंवा प्लास्टिकच्या फळ्या चालतील. सिमेंटने बांधू नका. भरणीला चुना नसलेली तांबडी माती २ भाग, पानकुजीचं खत २ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग, वर्षभर मुरलेलं शेणखत १ भाग. राख, हाडांचं खत, अंड्याची टरफलं अजिबात नकोत. वर तीन इंच पालापाचोळा पसरा, खोडापासून चार बोटं दूर.

तगर_पुणे
धन्यवाद. व्हिनेगर टाकलं, चांगलीच फसफसली. म्हणजे वाफाच. एका नर्सरीत योग्य पानांचं रोप आहे, पण नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. घ्यावं का?

जांभा
ती लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. खोड सशक्त असेल तर घ्या, हे सुधारतं. तात्पुरता उपाय: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारणी, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीत द्यायचं तर इडीडीएचए चिलेट (चुन्याच्या मातीतही मुळांना मिळेल असं बांधलेलं लोह) घ्या. नेहमी मिळणारं इडीटीए साडेसहाच्या वरच्या सामूत टिकत नाही. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नव्या फुटीकडे बघा.

बोअरच्या पाण्याने वाफाही दोन-तीन वर्षांत बिघडतो. पागोळ्यांखाली पिंप ठेवा, पावसाचं पाणी जितकं पुरेल तितकं यालाच द्या.

पानकूज
वरच्या मिश्रणात मी कोकोपीट घालणार नाही. न धुतलेल्यात क्षार असतात, पानांची टोकं करपतात. शिवाय उन्हाळ्यात ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही, कडेने वाहून जातं. त्याऐवजी पानकूज ३ भाग घ्या.

लावताना मुळांचा गड्डा फोडू नका. मॅग्नोलियाची मुळं मांसल आणि ठिसूळ असतात, तुटली की सावकाश भरतात. लावल्यावर जागाही बदलू नका आणि बुडाशी खुरपणी नको.

तगर_पुणे
बरोबर, कोकोपीट वगळते. कळ्या गळतात असंही ऐकलंय. आणि छाटणी कधी?

गुटीकलम
कळ्या गळण्यामागे बहुतेक वेळा पाण्याचा हेलकावा असतो: एकदा कोरडं, एकदा चिखल. बोट दोन इंच खुपसा, ओल नसेल तरच भरपूर पाणी द्या. कुंडीत असेल तर कळ्या असताना कुंडी बदलणं हेही कारण.

कळी फांदीच्या टोकाला येते. दर महिन्याला शेंडे खुडून गोल आकार दिलात तर कळ्याच कापून टाकाल. मोठा बहर ओसरला की वाकड्या, आत घुसलेल्या फांद्या तेवढ्या काढा.

फूल संध्याकाळी उमलतं, पिकल्या फळासारखा वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या झडतात. तो रोग नव्हे. घरात ठेवायचं तर दुपारी फुगलेली कळी देठासकट काढून वाटीभर पाण्यात ठेवा.

मुंग्यांची रांग दिसली तर पानामागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. ओल्या कापडाने पुसा, मग लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडा साबण.

दुसरं रोप करायचं असेल तर जून-जुलैत गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. पेन्सिलीएवढी फांदी, इंचभर साल गोल काढायची, आतला चिकट थर नीट खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या कापाला मुळं फुटण्यासाठीची पावडर (रूटिंग हार्मोन) लावा, भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) आणि प्लास्टिक घट्ट बांधा. दोन-तीन महिने लागतात. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसल्याशिवाय कापू नका.