ब्रेकची एअर काढली, तरी पेडल पहिल्या दाबात खालीच जायलंय

मोंढ्याजवळचा (सेलू)

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, २०१२ची, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या डाव्या चाकाला आतून ओल दिसली म्हणून ड्रम काढला, तर व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळायलं होतं. परभणीहून नवीन आणलं. डाव्या बाजूचे लायनर ब्रेक ऑइलनं भिजलेले, म्हणून दोन्ही बाजूंचे नवे टाकले. बसवलं मीच. गॅरेजवाल्याचं 'उद्या या' आठ दिवस ऐकलं, मग म्हटलं आपणच हात घालू.

एअर काढायला बायकोला पेडलवर बसवलं आणि मी पाना घेऊन खाली. मी नळी सांभाळायलो तोवर ती पेडल सोडून द्यायची. म्हणायची, "तुम्हीच म्हणालात ना सोड." मी पान्याला म्हटलेलं असायचं. अर्धा तास भांडण झालं आणि अर्धा लिटरचा डबा संपला.

आता पहिल्यांदा दाबलं की पेडल जवळजवळ खालपर्यंत जातं. लगेच दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि दाबून धरलं तर तिथंच राहतं.

अजून दोन गोष्टी. भरताना डाव्या मडगार्डवर थोडं सांडलं, ते रॉकेलच्या चिंधीनं पुसलं. सकाळी बघतो तर रंगाला सुरकुत्या. आणि घरात दोन वर्षांपूर्वीचं उरलेलं ऑइल आहे, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं, ते वापरावं का? येत्या रविवारी चाळीसगावला मेहुण्याकडे जायचंय, म्हणजे कन्नडचा घाट उतरायचाय. घाई आहे.

डिझेल_भाऊ

सोपं आहे. पेडल तळापर्यंत जोरात तीस-चाळीस वेळा मारा, एअर आपोआप निघते. ड्रममधलं सगळं पेट्रोलनं धुऊन घ्या. जुनं ऑइल फेकू नका, गाडीत नाही चाललं तर बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून लावा, ऑइल ते ऑइलच.

डेपोवाले काका

भाऊ, राग मानू नका, पण वरच्या तीन सल्ल्यांपैकी एकही पाळू नका.

मी एसटीत मेकॅनिक होतो, काही वर्षं चिकलठाण्याच्या कार्यशाळेत काढली. एसटीला हवेचे ब्रेक. टाकीत हवा भरली नाही तर गाडी जागची हलत नाही. रिटायर झाल्यावर जावयाच्या कारचे ब्रेक खोलले तेव्हा कळलं, इथं सगळं उलटं आहे, हवेचा एक बुडबुडासुद्धा नको. पातळ पदार्थ दाबला जात नाही, हवा दाबली जाते. तुमच्या पायाचं बळ बुडबुडा चेपण्यात जातं, चाकापर्यंत पोचत नाही.

आता मूळ घोळ. आपण सगळे त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, आणि हा शब्दच घात करतो. ते तेल नाही. डॉट ३, डॉट ४ म्हणजे ग्लायकॉलच्या जातीचा द्रव. तेलाशी त्याचं जमत नाही, पाण्याशी जमतं. एवढं डोक्यात बसलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल.

सांडलं तर रॉकेल कशाला? भरपूर पाणी ओता, लगेच. ते पाण्यात विरघळतं. तुम्ही चिंधीनं ते आणखी पसरवलंत आणि रात्रभर रंगावर राहू दिलंत. आता तेवढा तुकडा रंगवावा लागणार. पुढच्या वेळी मडगार्डवर जुनी चादर टाका आणि शेजारी बादली भरून ठेवा.

सुटे भाग पेट्रोल-डिझेलनं धुतले तर आतली रबरं फुगतात. आज ब्रेक लागेल, महिन्याभरात वॉशर फुगून चाक जाम होईल नाहीतर पुन्हा गळेल. रबरांना फक्त नवं ब्रेक ऑइलच लावायचं. (बघा, मीसुद्धा ऑइलच म्हणतो, जिभेला वळण पडलंय.) आखाला वंगण म्हणून तर चुकूनही नको, त्यात आखाला पुरेल इतका वंगणपणा नाही, उलट गाडीचा रंग सोलून निघेल.

बाटलीतलं दोन वर्षांचं बाद समजा. ते हवेतली ओल ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. कोरडं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४०वर येते. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. आता कन्नडचा घाट डोळ्यांसमोर आणा. उतारावर सारखा पाय ब्रेकवर, पुढच्या डिस्क तापलेल्या, कॅलिपरमधलं (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागातलं) पाणी उकळून वाफ झाली. वाफ म्हणजे पुन्हा हवाच. वळणावर पाय दाबता आणि पेडल फळीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला बदला म्हणतात. बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच सीलबंद डबा आणा.

आता पेडल. एअर काढायला पळण्याआधी एक परीक्षा घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पेडल दाबून किती खाली जातं ते बघा. दोन मिनिटांनी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा पहिल्यांदा दाबा. आता वरच टणक लागलं, तर मुख्य दोष एअरचा नाही. नवे लायनर आणि ड्रम यांत फट जास्त राहिलीय, ॲडजस्टर (ही फट कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडा उघडा. ड्रम फिरवताना हलका घासल्याचा आवाज आला पाहिजे, अडकायला नको. हँडब्रेकनं फरक पडला नाही आणि पेडल रबरासारखं लवतंय, तर एअर. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असतं तर मी मास्टर सिलिंडरवर (पेडलनं दाबला जाणारा मुख्य पंप) संशय घेतला असता, किंवा कुठंतरी गळतंय म्हणालो असतो. तुमचं तसं नाही.

एअर काढायची रीत लिहितो. इंजिन बंद, बूस्टरमधला (पायाचं बळ वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल चार-पाच वेळा दाबून घ्या. चाकं काढायची तर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालू नका. आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो, खाली जाड लाकडी फळी घ्या. मागची चाकं उचललीत तर पुढच्यांना दोन्हीकडून दगड. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि मास्टर सिलिंडरही, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा चाळा.

निप्पलला (चाकामागचा एअर सोडायचा स्क्रू) रिंग पानाच लावा, उघड्या पान्यानं त्याच्या कडा गोल होतात आणि मग रडायची वेळ. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी चढवा. (सलाइनची नळी मी करून बघितलीय, बारीक पडते, ऐन वेळी निसटते.) नळीचं दुसरं टोक बाटलीत, तळाशी थोडं नवं ऑइल, टोक त्यात बुडालेलं.

आणि बोलण्याची शिस्त. पेडलवाल्यानं उत्तर द्यायचं, नुसतं ऐकायचं नाही. तुम्ही म्हणा "दाब", ताई दाबून म्हणतील "धरलंय". तुम्ही निप्पल पाव आटा उघडा. पेडल खाली गेलं की त्या म्हणतील "गेलं". तुम्ही निप्पल बंद करा आणि मगच म्हणा "सोड". निप्पल उघडा असताना पेडल वर आलं की नळीतून हवा आत ओढली जाते. तुमचा अर्धा लिटर तिथंच गेला. निप्पल फार उघडला तर आट्यांमधूनही हवा येते आणि बुडबुडे थांबतच नाहीत असं वाटतं.

दर पाच-सहा दाबांनी वरची डबी बघा. 'मिनिमम'खाली गेली की नवी हवा, सगळं पहिल्यापासून.

आणि ते तीस-चाळीस वेळा तळापर्यंत मारणं. जुन्या गाडीच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन वर्षानुवर्षं वरच्याच भागात फिरलेला असतो. खालच्या भागात गंज, कीट. पेडल तळाला नेलं की वॉशर त्यावरून घासून फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे तळापर्यंत जाणार नाही.

मोंढ्याजवळचा (सेलू)

काका, 'धरलंय-गेलं' बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर भांडणच झालं नसतं." बाटलीतलं ऑइल मग कुठं टाकू? आणि माझ्याकडे एबीएस नाही, पण भावाच्या २०२१च्या गाडीत आहे, त्याला पण हीच रीत का?

सिस्टर_अंबाजोगाई

मध्येच बोलते, मी नर्स आहे. ती पाण्याची बाटली आजच बाजूला काढा. हा द्रव चवीला गोडसर असतो, लेकरं पितात, कुत्री-मांजरंही चाटतात, आणि मूत्रपिंडावर घाला पडतो. कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गावाकडे हा पहिला उपाय असतो आणि तोच नडतो. मूळ डबा बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. डोळ्यांत उडालं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा, चोळू नका.

आणि सांडल्यावर पाण्याचा हौद धुवायची टीसीएल पावडर टाकू नका. क्लोरीनची पावडर आणि ग्लायकॉल एकत्र आले की तापून पेट घेऊ शकतं. दोन्ही एकाच फळीवरही ठेवू नका.

डेपोवाले काका

सिस्टर, क्लोरीनचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आभार.

सेलूकर, ते जुनं घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वर 'विष, ब्रेक ऑइल' असं ठळक लिहा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला वेगळं म्हणून द्या, जळक्या ऑइलात मिसळू नका. नालीत नको, विहिरीजवळ तर नकोच.

भावाच्या गाडीचं. एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. नुसतं ऑइल बदलायचं असेल तर साधारण हीच रीत चालते. पण डबी कोरडी पडून हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय बऱ्याचदा निघत नाही. त्या गाडीवर घरी प्रयोग नकोत.

मोंढ्याजवळचा (सेलू)

झालं. हँडब्रेक ओढून दाबलं तर पेडल निम्म्यावरच टणक लागलं, म्हणजे काकांचं पहिलं निदान बरोबर. दोन्ही ड्रम काढले. उजव्या बाजूला फट जास्त होती, मी डाव्याच्या नादात तिकडं बघितलंच नव्हतं. ॲडजस्टर उघडले, मग नव्या डब्यानं चारही चाकं क्रमानं केली. डाव्या मागच्यातून बुडबुडे निघाले, पुढच्यांतून चहासारखं काळपट ऑइल आलं, स्वच्छ येईपर्यंत सोडलं. ठोकळा म्हणून पोराच्या तुटलेल्या बॅटचा तुकडा वापरला.

इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जाऊन टणक थांबतंय. मोंढ्याच्या रिकाम्या मैदानात वीसच्या वेगानं पाच-सहा वेळा ब्रेक लावून पाहिला, गाडी सरळ थांबतेय. बाटली पोरांच्या हाती लागेल तिथून काढली. मडगार्ड रंगवायला टाकायचंय, ते घाटानंतर.

आज सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या आतून हात फिरवला. कोरडं आहे.

डेपोवाले काका

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. परत आल्यावर डबीची पातळी पुन्हा बघा.