मशीन शॉपसाठी ईआरपीनेक्स्ट: मालकांची गरज नेमकी कशी काढून घ्यायची?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपला ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा स्टॉक-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देतोय. काम सगळं जॉबवर्कचं. फाउंड्री कास्टिंग (ओतीव भाग) पाठवते, हे शॉपवाले टर्निंग-ड्रिलिंग करून परत देतात आणि मजुरीचं बिल लावतात. माल यांचा नसतोच, म्हणून आयटमला 'कस्टमर प्रोव्हायडेड'ची खूण केली. शून्य दराने माल आत येतो, इथपर्यंत ठीक आहे.

अडलंय मालकांच्या यादीपाशी. चलन (मालासोबत जाणारा कागद) जुन्या छापील चलनासारखंच दिसलं पाहिजे, स्टॉक एंट्रीला 'शेरा' म्हणून दोन रकाने हवेत, आणि सबमिट केलेली एंट्री नंतर बदलता आली पाहिजे, "टॅलीत होतं की!" पहिल्या दोन गोष्टी प्रिंट फॉरमॅट आणि कस्टमाइझ फॉर्ममध्ये उरकतील. तिसरीला मन घेत नाही. इथे नोंद कॅन्सल करून अमेंड करायची असते, म्हणजे जुनी रद्द करून तिची सुधारित प्रत काढायची. कोड खुला आहे, ही पद्धत मोडता येईलही. पण पुढचं व्हर्जन आलं की ते निस्तरणार मीच.

एंट्री बदलायची वेळ का येते, असं विचारलं तर "लागतं हो" एवढंच उत्तर. मग स्टोअरच्या काकांची वही पाहिली. प्रत्येक चलनापुढे पेन्सिलीने सीआर, एमआर आणि आकडे. या धंद्यात नसलेल्यांसाठी: कास्टिंगमध्येच ब्लो होल (हवेची पोकळी) निघालं तर ते कास्टिंग रिजेक्शन (सीआर), फाउंड्रीच्या माथी. मशीनवर साइज गेली तर मशीनिंग रिजेक्शन (एमआर), आणि फाउंड्री यांना डेबिट नोट लावते, म्हणजे नुकसानीचे पैसे यांच्या नावे टाकते. नग कशात धरायचा हे फाउंड्रीचा इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत ठरत नाही. तोवर पेन्सिल, नंतर पेन. यादीत याचा उल्लेखही नाही!

'बदलता आलं पाहिजे'चं मूळ इथेच असावं. मालकांना तसं म्हटलं तर, "ते काका बघतात, तुम्ही रकाने टाका."

तर अशा वेळी तुम्ही काय करता? आधी मागितलेलं देता, की अडून बसता? आणि सीआर-एमआरसाठी वेगळं वेअरहाऊस (सॉफ्टवेअरमधली माल ठेवायची जागा) बरं की कस्टम फील्ड (आपण वाढवलेला रकाना)?

प्रतिसाद: लेथवाला

भावा, कोअरला, म्हणजे मूळ कोडला, हात लावू नकोस. 'निर्णय बाकी' नावाचं वेअरहाऊस कर. शंकेचे नग मटेरियल ट्रान्सफरने (एका वेअरहाऊसमधून दुसऱ्यात हलवायची नोंद) तिथे टाक, इन्स्पेक्टरने निकाल दिला की तिथून सीआर किंवा एमआरला. जुनी नोंद बदलावी लागत नाही आणि नग कधी कुठे गेला ते तारखेसकट दिसतं. काकांची पेन्सिल म्हणजे हेच वेअरहाऊस. रकाने पण देऊन टाक, दोन फील्डवरून भांडू नकोस.

प्रतिसाद: हिशेबनीस

मालकांना 'तुम्हाला काय हवं' विचाराल तर टॅलीचंच चित्र मिळेल. फाउंड्रीकडून आलेल्या मागच्या डेबिट नोटांची फाइल काढायला लावा आणि एकेका नोटेवर विचारा, हे मान्य होतं का, नसेल तर पुरावा काय दाखवला? खरी गरज तिथे बोलेल.

दुसरं, जीएसटीच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला दिलेला कच्चा माल १ वर्षात परत गेला पाहिजे, नाहीतर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात. कर फाउंड्रीवर बसतो, त्यामुळे त्यांचा अकाउंटंट चलनवार हिशेब मागणारच. 'निर्णय बाकी'त पडलेला नग कोणत्या चलनाचा, हे सांगता आलं पाहिजे. चलन नंबरच बॅच नंबर (एकत्र आलेल्या मालाच्या गटाचा नंबर) ठेवा. पण आयटमवर व्यवहार झाले की बॅचची खूण बदलता येत नाही, तेव्हा लाइव्ह जायच्या आत करा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. बॅचचं डोक्यात नव्हतं. अजून ट्रायलच्याच एंट्र्या आहेत, नवी साइट काढून आयटम पुन्हा भरतो. डेबिट नोटांची फाइल घेऊन मालक आणि काका दोघांना एकत्र बसवतो. एक शंका: मशीनपाशी दोन चलनांचा माल एकाच ट्रॉलीत पडतो, मग बॅच कशी ओळखायची?

लेथवाला

कास्टिंगवर हीट नंबर (ते कोणत्या ओतीचं आहे तो नंबर) असतो का बघ. असेल तर चलनावर तो लिहून मागा. नसेल तर ट्रॉलीला टॅग, दुसरा इलाज नाही. आणि टॅग कोण लावणार ते काकांनाच ठरवू दे.