मदत हवी आहे: आर्क्टिकच्या हवेतलं एचसीबी (हेक्झाक्लोरोबेंझिन, एक टिकाऊ विषारी रसायन) नवं की जुनं, ओळखायचं कसं?

मंडळी, केमिस्ट्रीवाल्यांना एक प्रश्न. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड वस्तीजवळच्या झेपेलिन डोंगरावर हवा तपासतात (आपलं, म्हणजे भारताचं, 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून खालच्या वस्तीतच आहे). पंपाने हवा ओढून आधी काचतंतूंच्या फिल्टरमधून आणि मग फोमच्या बोळ्यांतून नेतात. त्यात अडकलेली पीसीबी, एचसीबी, एचसीएच ही वर्षानुवर्षं टिकणारी क्लोरीनयुक्त रसायनं मोजतात. उबेत उडायचं, गारठ्यात खाली बसायचं, असं मजल दरमजल करत ही रसायनं तिथवर पोचतात, इथवर समजलं.

घोडं अडलंय पुढे. समुद्रावरचा बर्फ हटला की पाण्यात साठलेलं जुनं रसायन पुन्हा हवेत येतं म्हणे. मग ते ताजं नाही, हे ठरवतात कशावरून? अल्फा-एचसीएचचं (एचसीएचचाच एक प्रकार; हो, आपली १९९७ पासून बंद झालेली बीएचसी ही कीटकनाशक पावडर, तिच्यातलंच) एक बरं आहे. त्याची डावी-उजवी अशी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात, पाण्यातले जीवाणू त्यातलं एक जास्त फस्त करतात, त्यामुळे प्रमाण बिघडलेलं दिसलं की जुना माल ओळखू येतो. पण एचसीबीला अशी रूपंच नाहीत! तिथे काय करतात? वाऱ्याची दिशा मागे मागे शोधत जातात, की पाणी आणि हवेतलं प्रमाण ताडून पाहतात?

कुणी या विषयात काम केलंय का? बीएस्सीच्या पोरांना समजावायचंय, तेव्हा जरा सोपं करून सांगा.