उत्प्रेरक चपळ हवा की निवडक?

दारव्ह्याचा_मास्तर:
पेपरात पोरं 'उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो' एवढं लिहितात आणि पूर्ण मार्क घेऊन जातात. मला विचाराल तर वेग हा त्याचा किरकोळ गुण. कुठं थांबायचं हे कळणं मोठं. लिंडलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९५२ साली पॅलेडियम हा उत्प्रेरक धातू मुद्दाम शिसं घालून बिघडवला. धडधाकट पॅलेडियम कार्बन-कार्बनमधल्या तिहेरी बंधाला हायड्रोजन पाजत थेट एकेरीवर नेतं. हे अर्धमेलं दुहेरीवरच थबकतं, तेही सिस रूपावर, म्हणजे बंधाच्या दोन्ही टोकांचे गट एकाच बाजूला. अ जीवनसत्त्वाच्या कारखान्यांना हीच सुस्ती कामी आली. अभ्यासक्रमात निवडकता आधी हवी, वेग मागून.

वावरवाला:
सर, सोयाबीन पेरल्यावर उगवायच्या आधी आमी एस-मेटोलाक्लोर हे तणनाशक मारतो. त्यातला 'एस' म्हंजे हीच निवडकता काय?

दारव्ह्याचा_मास्तर:
तीच, भाऊ. १९७६ च्या मेटोलाक्लोरमध्ये एकाच रेणूची चार वेगवेगळ्या ठेवणीची रूपं मिसळलेली होती. तण मारायचं जवळपास ९५ टक्के काम त्यातली दोनच करत. बाकीची दोन तुमच्या मातीत फुकट पडायची. १९९६ पासून इरिडियम धातूच्या उत्प्रेरकानं कामाची दोन, म्हणजे 'एस'वाली, जास्त बनवतात, म्हणून मात्रा कमी लागते.

निवृत्त_प्लांटवाला:
मास्तर, सोयीचं तेवढंच सांगितलं. त्या प्रक्रियेत शंभरातले नव्वद रेणू कामाचे, दहा उलटे. औषधाच्या गोळीत हे खपलं नसतं. याहून थोडे निवडक लिगँड (धातूला बिलगून त्याची निवड ठरवणारे रेणू) हाताशी होते, तरी हाच घेतला, कारण इथं उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाखांवर रेणू उरकतो. इरिडियमचा भाव बघा. दमून बसणारा उत्प्रेरक कितीही चोखंदळ असो, त्याच्यावर कारखाना चालत नाही. आता म्हणा वेग किरकोळ!

एमएस्सी_वाशीम:
सगळं श्रेय उत्प्रेरकाला का? संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनमध्ये दोन दुहेरी बंध असतात. प्लॅटिनम उत्प्रेरकावर आधी बाजूच्या साखळीतला बंध हायड्रोजननं भरतो, पण हायड्रोजन मोजून दिला तरच. जास्त दिला की दुसराही गेला. (आमच्या लॅबमध्ये हायड्रोजनचं सिलिंडरच नाही, हे सगळं फळ्यावरच.)

दारव्ह्याचा_मास्तर:
मोजण्याचं खरं आहे. लिंडलरचं पॅलेडियमही वेळेत थांबवलं नाही तर पुढं सरकतं. वर्गात हे मी सांगत नाही, परीक्षेत येत नाही म्हणून. 'किरकोळ' मागं घेतो, क्रम नाही.

वावरवाला:
आमच्याकडं निंदणाऱ्या बाया केना हे तण नेमकं उपटतात, सोयाबीनले हातही लावत नाहीत. पण एका वावराले चार दिवस लागतात. म्हणून तं तणनाशकाची बाटली आणतो, सर.