पुलाचा खांब आणि घराचा खांब

घराचा असो वा पुलाचा, खांब म्हणजे खांब, भार खाली नेला की झालं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. मला हे पटत नाही. नदीतल्या खांबाला खरी भीती पाण्याची. पुरात प्रवाह खांबाला अडतो, पायथ्याशी भोवरे होतात आणि तिथली वाळू-माती उकरली जाते. म्हणून खांबाची प्रवाहाकडची बाजू टोकदार किंवा गोल ठेवतात. खडक फार खोल असेल तर विहिरीसारखं पोकळ बांधकाम, आतली माती काढत काढत, खाली उतरवतात आणि त्यावर खांब उभा करतात. पूर ओसरल्यावर कठड्यांच्या रंगरंगोटीआधी हे पाण्याखालचे पाय तपासायला हवेत, गरज पडली तर पाणबुडे उतरवून. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर तरी हा खर्च कुणाला जड वाटू नये.

वाड्यातल्या लाकडी खांबाचा शत्रूही पाणीच, पण जमिनीतली ओल. म्हणून तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असतो. फरशी बदलताना तळखडा काँक्रीटमध्ये गाडू नका, खांब खालून कुजतो.