मदत हवी आहे : १७८२ च्या एटकिन बायबलविषयीच्या ठरावाचा मराठी अनुवाद

सप्रेम नमस्कार. फिलाडेल्फियातील मुद्रक रॉबर्ट एटकिन यांनी १७८२ मध्ये छापलेल्या संपूर्ण इंग्रजी बायबलवर मी लेख लिहीत आहे. इंग्रजी बायबल छापण्याचा हक्क राजाच्या परवानाधारक मुद्रकांकडे असल्यामुळे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींना प्रती इंग्लंडहून मागवाव्या लागत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे ती आवक थांबली आणि १७७७ मध्ये काँग्रेसच्या (या वसाहतींच्या प्रतिनिधिसभेच्या) समितीने २०,००० प्रती परदेशातून आणण्याचा विचारही केला होता. काँग्रेसने हे बायबल स्वतः छापले, असे विधान मराठीतही वाचायला मिळते, ते बरोबर नाही. खर्च व जोखीम एटकिन यांचीच होती. काँग्रेसने आपल्या दोन धर्मगुरूंकडून मजकूर तपासून घेऊन १२ सप्टेंबर १७८२ रोजी शिफारशीचा ठराव केला आणि तो ग्रंथाच्या आरंभी छापला गेला.

माझी अडचण त्या ठरावातील एका शब्दाची आहे. हा उपक्रम धर्माच्या हिताचा आहेच, शिवाय देशातील ‘आर्ट्स’च्या प्रगतीचाही दाखला आहे, असे त्यात म्हटले आहे. येथे ‘कला’ लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्रकला येते, ‘कारागिरी’ तोकडी वाटते आणि ‘मुद्रणविद्या’ अर्थ फारच अरुंद करते. अठराव्या शतकातील इंग्रजीचा अभ्यास असलेल्यांनी कृपया नेमका प्रतिशब्द सुचवावा. वॉशिंग्टन किंवा फिलाडेल्फिया परिसरातील कोणी मूळ प्रत पाहिली असल्यास ठरावाच्या पानाची मांडणी कशी आहे, हेही कळवावे.