शब्दचर्चा : ‘स्किम्नस’ला प्रजाती म्हणावे की वंश?

प्रश्न : स्किम्नस या इवल्याशा ढालकिड्यांविषयी (लेडीबर्ड) मराठीत लिहिताना ‘जीनस’ या, म्हणजे जवळच्या जातींना एकत्र बांधणाऱ्या श्रेणीसाठी कोणता शब्द योजावा? आणि तिच्या पोटविभागाला ‘उपप्रजाती’ म्हटले, तर वाचकाला नेमके काय कळेल?

उत्तर : मराठी विश्वकोशातील रूढ परिभाषा अशी आहे: गण (ऑर्डर), कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज). तिच्यानुसार स्किम्नस ही प्रजाती ठरते आणि तिच्यात शेकडो जाती येतात. मात्र हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज, आणि वर्तमानपत्रांतून तोच अर्थ मराठीतही इतका रुजला आहे, की ‘स्किम्नस ही प्रजाती’ असे वाचणारा बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या किड्याची कल्पना करतो. एरवी हा घोटाळा चालून जाईल. या किड्यांच्या बाबतीत तो चालत नाही.

याचे कारण त्यांच्या ओळखीतच आहे. हे किडे साधारण एक ते तीन मिलिमीटर लांबीचे असून त्यांच्या अंगावर बारीक लव असते, आणि रंग बहुधा तपकिरी किंवा काळा असल्याने ठिपक्यांच्या लाल ढालकिड्यांशी त्यांचे नाते चटकन ध्यानात येत नाही. नुसत्या रंगावरून जाती ठरवणे धोक्याचे असते. अनेकदा नराचे जननेंद्रिय वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. त्यामुळे छायाचित्र पाहून जाणकार ‘स्किम्नस’ एवढेच सांगून थांबतो, तेव्हा त्याचे उत्तर अपुरे नसते. पुराव्याने जिथवर नेले तिथवरच तो गेलेला असतो. ही मर्यादा शब्दातही दिसली पाहिजे.

‘उपप्रजाती’चा प्रश्न तर याहून अवघड आहे. कीटकशास्त्रज्ञ कुगेलान यांनी 1794 मध्ये स्किम्नस हे नाव दिले. दुसरे कीटकशास्त्रज्ञ म्युल्सां यांनी 1846 मध्ये दिलेले ‘पुलस’ हे नाव आज बहुधा त्याचाच पोटविभाग म्हणून वापरले जाते. पोटाच्या पहिल्या खंडावर, मागच्या पायाच्या बुडाशी एक कमानदार रेषा असते. पुलसमध्ये ती पूर्ण वळून खंडाच्या पुढच्या कडेला परत मिळते, तर मूळ स्किम्नस गटात ती अर्धवट राहते. या पोटविभागाला ‘उपप्रजाती’ म्हटले, की वाचक सबस्पीशीज समजतो, म्हणजे जातीच्याही खालची पायरी, आणि क्रमच उलटा होतो. म्हणून मी ‘वंश, उपवंश, जाती, उपजाती’ ही मालिका पसंत करतो.

दुसरे मत : रूढ परिभाषा सोडू नये, असे मला वाटते. पाठ्यपुस्तके आणि विश्वकोश ‘प्रजाती’ वापरत असताना आपण ‘वंश’ लिहिल्यास जुन्या-नव्या लेखनाचा मेळ बसणार नाही. पहिल्या उल्लेखात ‘प्रजाती (जीनस)’ असे लिहिले, तर काम भागते.

उत्तर : एकाच लेखात तसे चालेल, पण नोंदींच्या यादीत दर वेळी कंस देता येत नाही. शिवाय श्रेणी कायम राहतेच असे नाही. ‘नेफस’ हा गट पूर्वी स्किम्नसचा उपवंश मानला जाई. स्किम्नसच्या छातीखाली पुढच्या पायांच्या मध्ये दोन उभ्या बारीक कडा असतात, नेफसमध्ये त्या नसतात. आता त्याला बहुधा स्वतंत्र वंश मानतात. जुन्या नोंदीत ‘उपप्रजाती’ आणि नव्या नोंदीत ‘प्रजाती’ असे आढळले, तर स्पीशीजच्या अर्थाची सवय असलेल्या वाचकाला एका उपजातीची जाती झाली असे वाटेल, आणि एवढ्या मोठ्या गटाचे स्थान बदलले हे त्याच्या लक्षातच येणार नाही. ‘प्रजाती’ ठेवायचीच असेल, तर निदान ‘उपप्रजाती’ टाळून ‘प्रजातीचा पोटगट’ असे लिहावे.